चित्र किती अंतरावरून दिसणार?

वाचकांचे प्रश्न

नाटकाचं पोस्टर, वर्तमानपत्रातली जाहिरात, रंगवलेला पडदा आणि स्वतःसाठी काढलेली चित्रं यांबद्दल आलेल्या पत्रांची उत्तरं या अंकात देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रं आटोपशीर केली आहेत.

आमच्या हौशी संस्थेचं दोन अंकी नाटक राज्य नाट्य स्पर्धेत उतरतंय. दोन भाऊ वडिलोपार्जित वाडा विकायला काढतात, आई किल्ल्या सोडत नाही, असा गाभा आहे. पोस्टर माझ्याकडे आहे. तीन दिवस पडका वाडाच काढतेय आणि तो कुठल्याही नाटकाचा वाटतो. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, चिपळूण

पडका वाडा येणारच. पहिल्या आठ-दहा कल्पना सगळ्यांनाच सुचतात. त्या डोक्यात ठेवल्या तर हलत नाहीत, कागदावर उतरवल्या की वाट मोकळी करतात. म्हणून वाडा काढून टाका आणि पुढे चला.

संहिता दोनदा वाचा. पहिल्यांदा हातात पेन्सिल नको. दुसऱ्यांदा कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात पात्रांच्या हाताला लागणाऱ्या वस्तू, दुसऱ्यात प्रत्येक प्रवेशाची वेळ आणि उजेड, तिसऱ्यात पुन्हापुन्हा येणारे शब्द. तुमच्या नाटकात पहिला रकाना बहुधा असा भरेल: किल्ल्यांचा जुडगा, सातबारा, देवघरातली समई, धाकट्याच्या हातातली मोजपट्टी. पोस्टर जवळजवळ नेहमी याच रकान्यातून निघतं, कथासारांशातून नाही.

मग एका तालमीला जाऊन मागच्या खुर्चीवर बसा. चेहरे काढू नका. दहा-दहा सेकंदांत फक्त उभं राहण्याच्या तऱ्हा टिपा. किल्ल्या मागितल्यावर आई अंग चोरते की कमरेवर हात ठेवते, हे संहितेत लिहिलेलं नसतं, नटीच्या अंगात असतं.

आता एका ए-फोर कागदावर ४ × ६ सेंटिमीटरच्या बारा चौकटी आखा. पोस्टर २० × ३० इंची असेल तर प्रमाण तेच, २:३. पेन्सिल बाजूला ठेवा आणि जाड ब्रशपेन घ्या. बारीक टोक हातात असलं की माणूस तपशिलात रमतो. एका चौकटीला दोन मिनिटं द्यायची आणि असे दोन कागद, म्हणजे चोवीस चौकटी, भरायचे. शीर्षकाची जागाही इथेच काळ्या पट्ट्याने दाखवा. चित्र पूर्ण झाल्यावर शीर्षक बसवायला गेलात तर ते नेमकं कुणाच्या तरी डोक्यावर बसतं. कागद भिंतीला लावून तीन मीटरवरून बघा. ज्या चौकटीत काय आहे ते कळत नाही ती बाद.

तुमच्या विषयात एक चौकट करून पाहा. आई पाठमोरी, खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच, चेहरा चौकटीबाहेर. नऊवारी, कमरेला खोचलेला जुडगा. डावी-उजवीकडून दोन मुलांचे हात पुढे आलेले दाखवावेसे वाटतील. दाखवा आणि मग पुसून बघा. हात असले की भांडण दिसतं. हात नसले की या किल्ल्या कशाच्या, असा प्रश्न उरतो. आमच्या मते दुसरं चित्र जास्त तिकिटं विकेल. लुगडं एकाच गडद रंगात सपाट ठेवा आणि उजेड फक्त किल्ल्यांवर. नाट्यगृहाच्या फाटकापाशी पोस्टर पंधरा-वीस फुटांवरून दिसतं. तिथून जुडगा ओळखू यायचा तर ३० इंच उंचीच्या पोस्टरवर तो किमान सहा इंच हवा. शेवटी किल्ल्या कुणाकडे जातात ते पोस्टरवर येता कामा नये, हे सांगायला नकोच.

दिग्दर्शकाला तीन रेखाटनं दाखवा. एकच दाखवलं तर उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, आणि दहा दाखवली तर ‘याची आई घ्या, त्याचा वाडा घ्या’ सुरू होतं. तळाची चार इंचांची पट्टी प्रयोगाची तारीख, वेळ आणि नाट्यगृह यांसाठी कोरी सोडा. नाहीतर दुसऱ्या प्रयोगाला कुणीतरी तुमच्या चित्रावर पांढरं स्टिकर चिकटवतं.

नाटकाचं नाव फॉन्टमध्ये टाकावं की हाताने लिहावं? हाताने लिहिलेलं मोठ्या आकारात सुंदर दिसतं, पण पेपरच्या जाहिरातीत काळा गोळा होतो.
— एक अक्षरप्रेमी, कोल्हापूर

नाटकाचं नाव शक्यतो हातानेच लिहावं. कमल शेडगे यांनी कित्येक दशकं मराठी नाटकांची शीर्षकं घडवली. जाहिरातीच्या पानावर नाव वाचण्याआधी वळणावरून नाटक ओळखायची सवय मराठी प्रेक्षकाला लागली, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. तयार फॉन्टमध्ये ‘आई’ हा शब्द कौटुंबिक नाटकात आणि भयनाटकात सारखाच दिसतो.

हत्यारं बदलून नाव तीस-चाळीस वेळा लिहा: बोरू, चपटा ब्रश, तिरपी कापलेली आइस्क्रीमची काडी, जवळजवळ सुकलेला ब्रश. बोरूच्या टोकाचा तिरपा छेद देवनागरीसाठी इंग्रजीच्या उलट दिशेला लागतो. दुकानात मिळणारी कॅलिग्राफीची निब रोमन अक्षरांसाठी असते. तिने सरळ धरून लिहिलं की जाड जागी बारीक आणि बारीक जागी जाड येतं. अक्षर नीट असूनही परकं वाटतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता काळा गोळा. तो दोन कारणांनी होतो. आकार लहान केला की अक्षरांची पोटं, म्हणजे ‘भ’, ‘ध’, ‘क्ष’, ‘ष्ठ’ यांतल्या पांढऱ्या जागा, आधीच आवळलेल्या असतात. त्यात वर्तमानपत्राचा कागद शाई पितो आणि ती कडेने पसरते. म्हणून जाहिरातीसाठी शीर्षकाची वेगळी आवृत्ती करा. पोटं गरजेपेक्षा मोकळी ठेवा. वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर येत असतील तर त्यांच्यात स्पष्ट फट सोडा. अनुस्वाराचा टिंब उभ्या काण्याच्या जाडीपेक्षा लहान नको. मोठ्या आकारात हे थोडं बटबटीत दिसेल, दिसू द्या. ते त्या आकारात कुणी पाहणार नाही.

तपासायची रीत स्वस्त आहे. झेरॉक्स २५ टक्क्यांवर काढा आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा. तिथे जी भोकं बुजली ती पेपरातही बुजणार. दोन कॉलमची जाहिरात साधारण आठ सेंटिमीटर रुंद असते, तेव्हा तपासणी त्याच मापावर आणि हातभर अंतरावरून करा. काळ्या पार्श्वभूमीवर ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक पांढरी रेघ टिकत नाही. ५० टक्के करडा रंग दिलात तर छापून येताना तो ७०–७५ टक्क्यांसारखा दिसतो. म्हणून करड्यावर काळी अक्षरं ठेवूच नका.

पोस्टर मोबाइलवर छान दिसतं. छापून आलं की निळा जांभळा होतो आणि जोडाक्षरं फुटतात.
— एक वाचक, नवी मुंबई

पडद्यावरचा रंग उजेडाचा, छापलेला शाईचा. झगझगीत निळा छपाईच्या चार शाईंमध्ये (आकाशी, किरमिजी, पिवळी, काळी, म्हणजेच सीएमवायके) बसत नाही. फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये करा आणि निळ्या रंगात किरमिजी शाई आकाशी शाईपेक्षा ३० टक्क्यांनी तरी कमी ठेवा. छापखान्यात तुमचा फॉन्ट नसतो म्हणून जोडाक्षरं फुटतात. पाठवण्याआधी सगळा मजकूर आउटलाइनमध्ये बदला, म्हणजे अक्षरांचे आकार होतील आणि फॉन्ट लागणार नाही, आणि मूळ फाइल आपल्याकडे ठेवा. २० × ३० इंचांना ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे ६००० × ९००० पिक्सेल लागतात. दहा फुटी फ्लेक्स लांबून पाहतात, त्याला ७२ डीपीआय पुरे. व्हॉट्सअॅपवर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा.

गावातल्या जत्रेत संगीत नाटक होणार आहे. जुन्या पद्धतीचा २० × १२ फुटांचा रंगवलेला अरण्याचा पडदा करायची हौस आहे. कापड, अस्तर, रंग, सगळं सविस्तर सांगा. मागच्या वेळी रंगाचे पापुद्रे निघाले आणि रात्री झाडं काळी दिसली.
— नाट्यमंडळ, फोंडा, गोवा

हौस चांगली आहे आणि तिला परंपराही आहे. कोल्हापूरचे आनंदराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ बाबूराव पेंटर हे १९१० ते १९१६ च्या सुमारास रंगभूमीच्या पडद्यांसाठी पश्चिम भारतात नावाजलेले होते. बाबूराव सिनेमात गेले ते त्यानंतर.

कापड मांजरपाट घ्या, मिळेल तेवढ्या मोठ्या पन्ह्याचं. जोड आडवे शिवा. पडदा टांगला की खालच्या वजनाने आडवा जोड ताणून सपाट होतो, उभ्या जोडाला मात्र चुण्या पडतात. मांजरपाट ओला झाला की आकसतो, म्हणून दोन्ही बाजूंनी फूटभर जास्त कापड घ्या आणि रंगाआधी एकदा पूर्ण भिजवून वाळवा. मग जमिनीवर किंवा लाकडी चौकटीवर सहा-सहा इंचांवर खिळे मारून ताणा, पण ढोलासारखा कडक नको. अस्तर, म्हणजे रंगाखालचा पहिला लेप, वाळताना तो स्वतःच आणखी ताणेल आणि कच्ची चौकट मुरडेल.

अस्तराला सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला चिकट पदार्थ) वापरणार असाल तर तो रात्रभर भिजवा आणि सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. थेट विस्तवावर नको, उकळला की चिकटपणा जातो. वजनाने १ भाग सरस, १२ भाग पाणी आणि पातळ ताकाइतकं होईपर्यंत खडूची भुकटी. सरसाचा वास किंवा व्याप नको असेल तर १ भाग फेव्हिकॉल आणि ५ भाग पाणी घ्या. २४० चौरस फुटांना सहा लिटर मिश्रण हाताशी ठेवा. एकच पातळ हात द्या. पापुद्रे इथेच ठरतात. वाळलेल्या कोपऱ्यावर बोट घासा, भुकटी लागली तर सरस कमी पडला. कोपरा दुमडल्यावर कडकड वाजला तर सरस किंवा खडू जास्त झाला. मागच्या वेळी तुम्ही पडदा घडी घालून ठेवला असणार, असा आमचा अंदाज आहे. रंगवलेला पडदा घडी घालायचा नसतो. चार इंची पाइपावर, रंग बाहेरच्या अंगाला ठेवून गुंडाळायचा.

रेखाटन १ इंच = १ फूट या मापाने करा, म्हणजे २० × १२ इंच. त्यावर इंचाइंचाच्या चौकटी आखा, आडव्यांना आकडे आणि उभ्यांना अक्षरं द्या. गेरूत बुडवलेला दोरा दोघांनी ताणून धरून चापट मारली की कापडावर फुटाफुटाच्या रेषा उठतात. कोळशाचा तुकडा तीन फुटी बांबूला बांधा आणि उभ्यानेच काढा. गुडघ्यांवर बसून काढलेलं झाड बसलेल्या माणसाच्या नजरेचं होतं, बुंधा जाड आणि शेंडा खुरटा.

रंग लांबून जवळ यायला हवा: आकाश, धूसर डोंगर, मधली झाडी, शेवटी पुढचे बुंधे. आकाशाचा रंग एकाच बादलीत पुरेसा कालवा. अर्ध्यात संपला तर तोच निळा पुन्हा जमत नाही. खडू मिसळलेला रंग वाळल्यावर फिका होतो आणि अॅक्रिलिक इमल्शन वाळल्यावर गडद होतं. म्हणून प्रत्येक रंगाची पट्टी त्याच कापडाच्या तुकड्यावर वाळवून बघा. पानं सुटी काढू नका. तीस फुटांवरच्या प्रेक्षकाला दोन इंचांहून लहान तपशील फारसा जाणवत नाही. पानांचा पुंजका तीन छटांत बसवा. बहुतेक गडद, वर थोडी मध्यम, आणि प्रकाश येणार त्याच बाजूला चिमूटभर उजळ. सारखं दूर जाऊन बघा. जागा नसेल तर मोबाइलवर फोटो काढून अंगठ्याएवढा करून बघा.

झाडं काळी पडली ती प्रकाशामुळे. तुमच्या हिरव्यात पिवळा आणि मातकट रंग जास्त असणार, आणि रात्रीच्या प्रवेशाला निळा प्रकाश दिला असणार. निळ्या प्रकाशात लाल, तपकिरी आणि पिवळट रंग मरतात. रंगवायच्या आधी फूटभर चौरसाचे सात-आठ नमुने घेऊन प्रकाशयोजना करणाऱ्याकडे जा आणि त्याच्या दिव्यांखाली, त्याच जेलमधून (दिव्यापुढच्या रंगीत पारदर्शक कागदातून) ते बघा. काही एलईडी दिव्यांत पिवळा रंग फारच मळकट दिसतो. उपाय म्हणजे गडद भागात काळ्याऐवजी गडद निळा आणि जांभळा वापरा. असा पडदा अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी, प्रकाशात संध्याकाळ आणि निळ्या प्रकाशात रात्र होतो. वॉर्निश लावू नका, दिवा त्यात आरशासारखा दिसतो. आणि पडदा वाळलेल्या कापडाचा आहे, हॅलोजन दिवा त्याच्यापासून लांबच ठेवा.

दिवसभर जाहिराती आणि मुखपृष्ठं करतो. सुट्टीत स्वतःचं चित्र काढायला बसलो की तेही पोस्टरच होतं. कसं सुटायचं?
— एक चित्रकार, पुणे

तुमच्या चित्रांचे फोटो पाहिले. प्रत्येक चित्रात वरचा एक तृतीयांश भाग मोकळा आहे. तो शीर्षकासाठी सोडलेला आहे, आणि शीर्षक येणारच नाही. मधोमध आकृती, एकच झोत, एका नजरेत अर्थ, हा कामाचा हात आहे. त्यात वाईट काही नाही. द. ग. गोडसे (१९१४–१९९२) पुस्तकांची चित्रं, नेपथ्य आणि वेशभूषा करत होते. दीनानाथ दलालांची (१९१६–१९७१) मुखपृष्ठं घराघरांत होती. अशा लोकांची कामाची चित्रं दुय्यम मानायची पद्धत आम्हाला पटत नाही. तरी दोन्ही जागी डोळ्याचं काम वेगळं असतं. पोस्टर पाहणाऱ्याला तीन सेकंद असतात, तर भिंतीवरच्या चित्राशी कुणीतरी वर्षानुवर्षं राहतं.

कामात अंतर कुणीतरी ठरवून देतं: वीस फूट, हातभर, मोबाइल. स्वतःच्या चित्राला ते आपणच ठरवायचं. आधी ठरवा की हे चित्र दीड फुटावरून पाहायचं आहे. लगेच मधली मोठी आकृती अनावश्यक वाटू लागते. मग आकार चौरस घ्या, म्हणजे २:३ ची सवय मोडेल. माध्यम बदला. संगणकावर काम करत असाल तर गुआश (अपारदर्शक जलरंग) किंवा तैलरंग घ्या, ज्यात मागचं पाऊल एका बटणाने पुसलं जात नाही. एकाच विषयाची पाच चित्रं लावा. पहिली दोन पोस्टर होतील, त्यांना होऊ द्या.

पहिल्या उत्तरात सांगितलेल्या पोस्टरच्या चोवीस चौकटींपैकी बाद झालेल्या फेकू नका. लांबून न कळणाऱ्या म्हणून त्या बाद झाल्या होत्या. जवळून पाहायच्या चित्राला त्यांतलीच एखादी कामाला येते.

तैलरंगात पहिले थर टर्पेंटाइनने पातळ केलेले, वरचे थर जवसाच्या तेलाने जास्त स्निग्ध, हा क्रम उलटला तर वरचा थर आधी वाळतो आणि खालचा हलला की भेगा पडतात. तैलावर अॅक्रिलिक कधीच नाही. चित्र संपलं की नाही कळत नसेल तर आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवा. पुन्हा आपल्याकडे फिरवल्यावर पहिल्या नजरेला जे खुपतं तेवढंच दुरुस्त करा.

पावसाळ्यात कागदावरच्या चित्रांना बुरशी लागते. काय करावं?
— रत्नागिरी

बुरशीला खायला कागदातली खळ आणि रंगातला डिंक मिळतो, हवेतला दमटपणा ६५–७० टक्क्यांवर गेला की ती फोफावते. काच चित्राला टेकू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना सेंटिमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात वारा फिरेल. पावसाची झड बसते त्या भिंतीवर चित्र टांगू नका. चिकटवायला खळ करत असाल तर वाटीभर खळीत लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घाला. लागलेली बुरशी ओल्या फडक्याने पुसलीत तर ती कागदात शिरते. आधी चित्र सावलीत पूर्ण वाळवा, मग तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झटका. तपकिरी डाग राहिलेच तर घरी ब्लीच करू नका.

नाटकाचं पोस्टर काढून दिलं, पैसे मिळाले. आता निर्माता तेच चित्र टी-शर्टवर छापतोय, आणि मूळ चित्रही त्याच्याकडेच आहे. हक्क कुणाचा?
— नाव न छापण्याची विनंती

बहुधा त्याचा, आणि हे बऱ्याच चित्रकारांना माहीत नसतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम देणारा असतो. म्हणून करार आधी करायचा. चार वाक्यं पुरतात: चित्र कशाकशावर वापरणार (पोस्टर, पेपर, समाजमाध्यमं), किती काळ, त्याव्यतिरिक्त वापराला वेगळं मानधन, आणि कॉपीराइट व मूळ कागद दोन्ही चित्रकाराचे. मूळ कागद आणि कॉपीराइट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दोन्ही नावानिशी लिहा. दोघांच्या सह्या हव्यात. कॉपीराइट तुमच्याकडे असून तो पुढे दिलात, पण मुदत लिहिली नाहीत, तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते.

कॉपीराइट गेला तरी कलम ५७ खाली चित्राचे कर्ते म्हणून नाव लावून घेण्याचा आणि तुमच्या लौकिकाला धक्का लागेल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क तुमच्याकडे राहतो. टी-शर्टवर नाव नसेल तर ते मागा, आणि ईमेलने मागा, म्हणजे नोंद राहील. मूळ चित्र परत मिळण्याची शक्यता निर्मात्याच्या सौजन्यावर आहे. यापुढे मूळ कागद देऊच नका, स्कॅन द्या.